आपत्ती असल्यास कळवावे

९ एप्रिल २००६, रविवार

हरलो! एकवीस विरुद्ध दोन.

दोनातला एक हात माझा. दुसरा तिसऱ्या मजल्यावरच्या काशीनाथ आजोबांचा. आजोबांना ऐकू येत नाही. चहा कोणाकोणाला, असं विचारतायत असं त्यांना वाटलं. हात वर ठेवूनच म्हणाले, "बिनसाखरेचा." म्हणजे खरं बघायला गेलं तर एकवीस विरुद्ध एक.

पहिल्या मजल्यावरच्या आत्मारामचाही हात वर गेला होता. राजापूरचा माणूस, आठवड्यातून तीनदा त्याच्या घरातून तळणीचा वास येतो. मी मनात म्हटलं, शाब्बास रे कोकण्या! तर तो डोकं खाजवत होता. खाजवून झालं आणि हात खाली. त्याची बायको मंदा माझ्याकडे बघेना.

झालंय असं, की गेटबाहेर नाल्याकडेला जी पट्टी आहे तिथे पालिका तीन ओटे बांधून देणार आहे. दोन भाजीवाल्यांना, एक मासळीवाल्या आशाला. नोटीस लागलीय — 'हरकती व सूचना दि. ५ मेपर्यंत लेखी कळवाव्यात.' आज जनरल बॉडीत ठराव झाला की सोसायटीने लेखी हरकत घ्यायची. मासळीचा वास येतो, माश्या येतात आणि फ्लॅटचा रेट पडतो. भाजीवाल्यांवर कोणाचा राग नाही, पण ओटे तिन्ही एकाच कागदावर आहेत.

वासाचं खोटं नाही. आशा मासळीचं पाणी गटाराऐवजी गेटपाशीच ओतते, मीसुद्धा तिला दोनदा झापलंय. पण ओटा मिळाला तर तिला कायमचा परवाना मिळणार. नाही मिळाला तर पावसाळ्याआधी गाडी येणार आणि टोपली उचलणार. नवरा गेला, होडी विकली, आता आहे ती एवढी टोपली. तारोडीहून पहाटे निघते बिचारी. इथे बिल्डिंग नव्हती, नुसतं खाजण होतं, तेव्हापासून बसते. ती म्हणते, "बिल्डिंग माज्या टोपलीफुडं येऊन उभी ऱ्हायली, मी न्हाय आली."

हे मी सभेत सांगितलं. चेअरमन भंवरलालजी शांतपणे म्हणाले, "बहुमत है मॅडम. लिखना तो पड़ेगा."

घरी आले तर कोंडिराम पेपर वाचत बसलेला. "किती मतं पडली?" म्हटलं, दोन. "मागच्या वर्षी एकच होतं. वाढायलंय की!" असा नवरा.

१० एप्रिल

आत्माराम जिन्यात भेटला. म्हणाला, "वहिनी, केसांत कोंडा झालाय हो खूप."

मी म्हटलं, लिंबू लाव.

१४ एप्रिल

जयंती. कोंडिरामने कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. लेकीने, संघप्रियाने, बाल्कनीत निळी तोरणं लावली. खीर केली आणि बाकीच्या एकतीसही घरांत वाटी पोचवली — एकवीस मतांच्या घरांतसुद्धा. मुद्दाम!

सहा वर्षांपूर्वी परभणीहून इथे आलो तेव्हा एजंटने विचारलं होतं, "आप लोग कौन?" मी म्हटलं, "मराठीच्या मास्तरीणबाई." त्याला जे हवं होतं ते मिळालं नाही, पण चेक मिळाला. मग पहिल्या जयंतीला खिरीच्या नऊ वाट्या तशाच परत आल्या होत्या, भरलेल्या. मी त्या नऊच्या नऊ खाल्ल्या आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा दिल्या. यंदा एकतीसही रिकाम्या आल्या. चाटून-पुसून. एकीत उलट चार खाकरे होते. माणसं वाईट नाहीत. हात वर करायची वेळ आली की बिघडतात.

१८ एप्रिल

गंमत बघा! आमच्या सोसायटीत घरं बत्तीस आणि मराठीत सरकारी अर्ज लिहिणारी मी एकटी. पाण्याचा अर्ज, दिव्याचा अर्ज, गटाराच्या झाकणाचा अर्ज — सहा वर्षं 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहून लिहून बोटं झिजली. ज्यांनी मला हरवलं त्यांच्या नळाला पाणी माझ्या अर्जाने आलंय.

आज सेक्रेटरी त्रिपाठीजी विचारायला आले, "मॅडम, वो विरोध वाला लेटर?" मी म्हटलं, "माझ्याच मताच्या विरुद्ध मीच अर्ज लिहू? हात आखडलाय माझा." हात खरंच दुखत होता, पेपर तपासून. ते म्हणाले, "कोई बात नहीं, चेअरमनसाब खुद लिख लेंगे."

भंवरलालजी आणि मराठी! भांड्यांच्या दुकानात बसतात, गिऱ्हाईकाशीसुद्धा हिंदीतच बोलतात. बघू या काय दिवे लावतात.

२१ एप्रिल

सातवीचे पेपर. आमच्या शाळेत सगळी हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलं. आजची रत्नं लिहून ठेवते:

'माझे बाबा मला उत्तम शिक्षा देतात.'

'मी रोज अभ्यास करण्याची चेष्टा करतो.'

यातला दुसरा पोरगा खरंच तेच करतो. त्याला अर्धा मार्क दिला, प्रामाणिकपणाचा.

दरवर्षी जीव तोडून शिकवते — बाळांनो, शब्द तोच दिसतो पण दोन भाषांत दोन अर्थ. तुमची शिक्षा म्हणजे आमचं शिक्षण. आमची शिक्षा म्हणजे छडी. तुमची आपत्ति म्हणजे आमची हरकत. आमची आपत्ती म्हणजे पूर, भूकंप, आग! मान डोलावतात आणि पेपरात तेच लिहितात.

२७ एप्रिल

आशाने आज मांदेली स्वस्तात दिली. का ग, म्हटलं. म्हणाली, "घे. फुडल्या महिन्यात मी हाय का न्हाय, कोणाला ठावं."

काशीमीऱ्याला पुलाखाली जागा बघून आली म्हणे. तिथे ट्रकवाले. "ते मासली घेतात का? ते बिडी घेतात." हसत सांगत होती आणि पापलेटावर पाणी मारत होती. एकाच पापलेटावर, पाच-सहा वेळा.

मला परभणीच्या बाईला बोंबील साफ करायला हिनेच शिकवलं. कोंडिराम पहिल्यांदा बोंबील बघून म्हणाला होता, "ह्यो मासा हाय का शेंबूड?" आता दर शुक्रवारी विचारतो, "आशाबाई आल्या का?" या सगळ्या बिल्डिंगच्या जंगलात मला आडनाव न विचारता 'बस' म्हणाली ती एकटी. तिची जागा जायला नको! मला रडू येतं म्हणून लिहीत नाही पुढे.

३० एप्रिल, रविवार

अर्ज आला!!

भंवरलालजी स्वतः घेऊन आले. सफेद कुर्ता, हातात फाइल. सोफ्याच्या काठावर बसले. "मॅडम, मैं जानता हूँ आप खिलाफ हो. लिखिए मत. सिर्फ मात्रा देख लीजिए. छोटी-बड़ी में गड़बड़ होती है मेरी."

मी कागद घेतला. जसाच्या तसा उतरवते, कारण असा कागद आयुष्यात एकदाच हाती लागतो:

'विषय — सोसायटी के गेटसमोर तीव्र आपत्ति बाबत.

महोदय, आमचे गेटसमोर पालीकेचे जागेत सर्व रहीवासींना तीव्र आपत्ति आहे. स्त्रिया, मुले, वृध्द सर्व त्रासात आहे. पावसाळा जवळ आहे. तरी आपण तूरंत येऊन कारवाई करावी ही वीनंती.'

खाली चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार. तिघांच्या सह्या, सोसायटीचा शिक्का. सगळं आधीच करून आणलेलं.

मी एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना ओठ दाताखाली दाबले. ओट्यांचं नाव कुठेच नाही! आशाचं नाही, मासळीचं नाही, नोटिशीचा नंबर नाही. विसरले बहुतेक. विचारलं, "पावसाळा जवळ आहे, हे कशाला?" म्हणाले, "बारिश में मक्खी बढ़ती है ना."

"त्रिपाठीजींनी वाचलं?" "हाँ हाँ. बोले, बहुत कड़क आपत्ति लिखी है."

मास्तरीण म्हणून मी सांगायला हवं होतं, साहेब, हा शब्द 'हरकत' आहे. जिभेवर आलाही होता. पण मला काय सांगितलं होतं? मात्रा बघा. तेवढंच. अल्पमतातल्या बाईने नेमून दिलेल्या कामाच्या बाहेर जाऊ नये!

मी पालिका ऱ्हस्व केली. रहिवासी, विनंती, तुरंत, सगळं सरळ केलं. वृद्धचा ध बसवला. आणि 'आपत्ति' दोनदा होतं, दोन्ही ठिकाणी नीट दीर्घ केलं. आपत्ती.

भंवरलालजींनी चष्मा लावून बघितलं, थँक्यू म्हणाले, गेले.

कोंडिराम आतून बाहेर आला. "एकटीच कशाला हसायलीस?" म्हटलं, शुद्धलेखनाचा आनंद आहे हा, तुला नाही कळणार.

२ मे

अर्ज दिला. आवकचा शिक्का मारलेली प्रत नोटीस बोर्डावर लावलीय. येणारे-जाणारे वाचतात आणि मान डोलावतात. मी पण डोलावली.

५ मे

मुदत संपली. आशाला काही बोलले नाही. उगाच आशा लावायची आणि मग... हे वाक्य मुद्दाम असं झालेलं नाही.

८ मे, सोमवार

देवा रे! हसून हसून पुरेवाट झाली. नीट लिहिते.

सकाळी साडेअकराला सायरन. मी बाल्कनीत धावले. लाल बंब! मागे जीप, जीपमागे टेम्पो, टेम्पोत दोरखंड, लाइफ जॅकेटं आणि — माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना — रबराची होडी! मे महिना, ऊन असं की डांबर चपलेला चिकटतंय, आणि आमच्या गेटसमोर होडी.

गेल्या सव्वीस जुलैपासून सगळीकडे आपत्ती व्यवस्थापनाची पथकं तयार ठेवलीयत. कागदावर 'तीव्र आपत्ती', 'स्त्रिया, मुले, वृद्ध', 'पावसाळा जवळ आहे' — आणखी काय लिहायचं बाकी होतं? नारिंगी जॅकेटवाली आठ माणसं पटापट उतरली. मला तर अभिमान वाटला. लोक म्हणतात सरकार हलत नाही. शब्द बरोबर घाला, कसं धावत येतं बघा!

पथकाचा प्रमुख ओरडला, "आपत्ती कुठाय?"

वॉचमन रामू पुढे झाला. त्याने बोट दाखवलं, थेट आशाकडे. सहा वर्षं मीटिंगांमध्ये हेच ऐकत आलाय तो.

आशा टोपलीमागून उठली. पदर खोचला. "मीच हाय ती आपत्ती! काय पायजे, सुरमई का पापलेट?"

मी खाली पोचेपर्यंत अख्खी बिल्डिंग खाली. त्रिपाठीजी बनियनवर आलेले. पथकाच्या साहेबांच्या तोंडासमोर हात नाचवत होते, "यही है आपत्ति! पूरी सोसायटी को आपत्ति है!" साहेब आशाकडे बघतात, टोपलीकडे बघतात, पुन्हा त्रिपाठीजींकडे. "अहो, ह्या बाईंना काय झालंय? बुडाल्या? भाजल्या? पडल्या?" "नहीं नहीं, इनको कुछ नहीं हुआ! हमको है आपत्ति!" "तुम्हाला काय झालंय मग?"

दोघंही आपापल्या भाषेत एकदम बरोबर होते. मी तिथे उभी. एका वाक्यात सोडवू शकले असते. मी दातांनी पदर धरून ठेवला.

भंवरलालजी दुकानातून रिक्षाने आले. गर्दीत शिरलेच नाहीत. गेटपाशी उभे राहून होडीकडे बघत राहिले. फार वाईट वाटलं असणार माणसाला.

साहेबांनी शेवटी जागेची पाहणी केली. नाला बघितला, भिंत बघितली, काशीनाथ आजोबांना विचारलं, "आजोबा, काही त्रास?" आजोबा म्हणाले, "बिनसाखरेचा." मग तिथेच बॉनेटवर कागद ठेवून अहवाल लिहिला. जाताना आठही जणांनी मासळी घेतली. लाइफ जॅकेटवाल्याने दोन डझन बोंबील घेतले. आशाची टोपली बाराच्या आत रिकामी!

संध्याकाळी कोंडिरामला सगळं सांगितलं. पोट धरून हसला. मग एकदम थांबून म्हणाला, "तुला ठाऊक होतं ना?" मी भांडी घासायला गेले.

९ मे

अहवालाची प्रत सोसायटीला आली. एकच वाक्य: 'घटनास्थळी कोणतीही आपत्ती आढळून आली नाही.'

१३ मे

आशा आता फेमस आहे. लांबलांबच्या बिल्डिंगांतून बायका 'आपत्तीवाली' विचारत येतात.

आज हळूच मला म्हणाली, "तुज्या त्या एकवीसमधली पाच माजी गिऱ्हाइकं हायत." मी उडालेच! कोण ग? "नावं न्हाय सांगणार. धंद्याची आन हाय. फोन करतात, दोन दुधी ठेव म्हणतात. काळ्या पिशवीत देते." दुधी म्हणजे सुरमई. कोलंबीला वाटाणे.

म्हणजे हिशेब असा: हात वर करून मत घेतलं म्हणून आम्ही दोन. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर! आत्माराम धरला, हे पाच धरले, घरच्यांना भिऊन गप्प बसलेले धरले... बहुमत म्हणजे काय, शेजारी बसलेला बघतोय म्हणून वर केलेला हात.

दिवसभर लिफ्टमध्ये ज्याच्या-त्याच्या पिशवीकडे बघत होते. चौथ्या मजल्यावरच्या एका बाई उगाचच म्हणाल्या, "दूधी है." मी म्हटलं, "छान. काटे काढून घ्या."

२६ मे

पालिकेत ओट्यांची सुनावणी. भंवरलालजींनी मला बरोबर यायला सांगितलं, "सब मराठी में होगा, आप समझा देना." मला! एकवीस जणांनी हरवलेल्या बाईला, त्यांच्या बाजूची दुभाषी म्हणून. गेले. रिक्षात मी, ते आणि त्रिपाठीजी. रस्ताभर त्रिपाठीजी मुद्दे पाठ करत होते.

बाहेरच्या बाकावर आशा बसलेली. ठेवणीतलं हिरवं नऊवारी, केसांत अबोली. माझ्याकडे बघून अर्धवट हसली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशन कार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आणि जुन्या पावत्या — वीस वर्षांच्या. बाजारकराच्या प्रत्येक चिठोऱ्याला इस्त्री केल्यासारखी घडी. तेव्हा माझी मस्करी जरा उतरली. मी एक वेलांटी ओढून गंमत केली होती. हिची भाकरी होती त्यावर.

अधिकारी बाई तरुण होत्या. नोटीस वाचली आणि म्हणाल्या, "मुदतीत एकही हरकत प्राप्त झालेली नाही."

त्रिपाठीजी उभेच राहिले. "मॅडम, हमने आपत्ति दिया है! लिखित में!"

बाईंनी फाइल काढली. "हो, आलाय ना तुमचा अर्ज. पथक पाठवलं होतं. हा अहवाल — कोणतीही आपत्ती नाही."

"वही तो! हमको आपत्ति है और आप लिखते हो आपत्ति नहीं!"

"साहेब, ह्यात ओट्यांचा उल्लेख कुठे आहे दाखवा. मासळीचा? नोटीस क्रमांक?"

त्रिपाठीजींनी कागद वर-खाली, खाली-वर केला. मग भंवरलालजींकडे बघितलं. भंवरलालजी पंख्याकडे बघत होते.

बाई मला म्हणाल्या, "तुम्ही जरा समजावून सांगा ह्यांना." मी समजावलं: मुदत संपली. मंजूर झालं. चेहरा मयताला आल्यासारखा ठेवला, आतून उड्या मारत होते.

बाहेर आल्यावर आशाच्या कानात सांगितलं. ती मटकन खाली बसली, पायरीवरच, आणि मोठ्याने रडली. मी पण. दोघी तिथे बसून रडतोय आणि शिपाई विचारतोय, "काय झालं? काम नाही झालं का?"

११ जून

नाल्याकडेला तीन चौकोन आखून गेले. मधला आशाचा. परवान्यावर नाव, फोटो, शिक्का. फोटोत ती अशी रागाने बघतेय जशी कोणी भाव पाडून मागतोय.

मासेमारी बंद, म्हणून सुके बोंबील, सोडे, जवळा घेऊन बसते. आणि बाजूला काय ठेवलंय? कढीपत्ता, लिंबं, आलं! मी विचारलं, हे काय? "त्या घास-पात खाणाऱ्या बायका लांबून नाक धरून जातात. आता कढीपत्त्याला थांबतात. थांबल्या की बोलतात. बोलल्या की वास कमी येतो." गुजरातीत 'केम छो बेन' शिकलीय. मासळीचं पाणीसुद्धा आता गटारात ओतते. आमच्या सातवीच्या पुस्तकात नागरिकशास्त्राचा एक धडा हिच्यावर हवा.

१८ जून, रविवार

आज मजा आली नाही.

विशेष सभा. विषय एकच: अर्ज कोणी बिघडवला? पोरांकडून अर्थ एव्हाना सगळ्यांना कळलाय. भंवरलालजींना उभं करून विचारलं. लोक हसत होते. कोणी म्हणालं, "चेअरमनसाब, इतने साल महाराष्ट्र में रहके एक चिठ्ठी नहीं लिख सके?" मागून कोणीतरी सायरनचा आवाज काढला. त्रिपाठीजी म्हणाले, "मैंने तो विश्वास पे साइन किया." खोटं! कडक आपत्ति म्हणून वाखाणलं होतं त्यांनी.

भंवरलालजी एवढंच बोलले, "गलती मेरी है." माझं नाव घेतलं नाही. मात्रा मॅडमनी तपासली, असं सांगितलं असतं तर सगळे माझ्यावर तुटून पडले असते.

ठराव: चेअरमननी राजीनामा द्यावा. हात वर. एकवीसच्या एकवीस. तेच हात! ज्या माणसाने त्यांचं ऐकून अर्ज लिहिला त्याच्यावरच. मी हात वर केला नाही. काशीनाथ आजोबांनीही नाही, ते झोपले होते. आत्मारामने या वेळी खाजवलंसुद्धा नाही.

मला लाज वाटली. स्वतःची. एका भल्या माणसाची म्हातारपणी अशी फजिती, आणि गुन्हेगार मी, दुसऱ्या रांगेत, हातरुमाल घेऊन.

२१ जून

गेले. सांगायचंच ठरवून गेले. कोंडिराम म्हणाला, "आपलंच काम झालंय, आता कशाला उकरायलीस?" म्हटलं, काम झालंय म्हणूनच.

भंवरलालजींनी दार उघडलं. पाणी दिलं, पापड दिला. मी एका दमात बोलून टाकलं — साहेब, मला माहीत होतं, शब्द चुकीचा होता, मी मुद्दाम गप्प बसले, माफ करा.

ते पापडाचा तुकडा मोडत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, मैंने आपको वेलांटी देखने को बोला था. आपने वेलांटी देख ली. आपकी क्या गलती?"

"पण तुमची सगळ्यांसमोर..."

"बहुमत ने बोला लिखो, मैंने लिख दिया. बहुमत बोला जाओ, जा रहा हूँ." हसले चक्क. "वो आशाबाई का कागज़ पक्का हो गया ना?"

म्हटलं, हो, शिक्क्यासकट.

"बस." आणि मला आणखी एक पापड दिला.

खाली येताना जिन्यात थांबले थोडा वेळ. एवढा अपमान झालेला माणूस इतका निवांत कसा, काही कळलं नाही.

२ जुलै, रविवार

भंवरलालजींचा राजीनामा बोर्डावर लागला. दीड पान, स्वतःच्या हाताने, मराठीत. मी उभ्या उभ्या तीनदा वाचला. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही, एक हिंदी शब्द नाही. पहिल्या परिच्छेदात लिहिलंय की बालपण बार्शीत गेलं, शिक्षण तिथल्याच मराठी शाळेत झालं. शेवटचं वाक्य: 'नूतन समितीने पदभार स्वीकारण्यास माझी कोणतीही हरकत नाही.'